नेमाचा गुडघा

नेमाला नवा गुडघा बसला आन त्या दिवसापासनं माझा जुना गुडघा दुप्पट दुखाय लागला. खोटं कशाला बोलू? नेमगोंडा माझा सख्खा भाऊ. माझ्यापेक्षा तीन वर्सांनी धाकटा. ही तीन वर्सं ध्यानात ठेवा पावणं, सगळी भानगड त्याच तीन वर्सांची हाय.

कोडोलीच्या अलीकडं आमचं गाव. दोघांची घरं एका भिंतीची. तिकडं नेमा खोकला की हिकडं माझ्या बशीतला चहा हलतोय. दिवाळीच्या आधी त्याला कोल्हापूरच्या दवाखान्यात न्हेला आन आठ दिवसांनी गाडीतनं उतरवला. उजवा गुडघा काढून नवा घातलेला, सगळं फुकट. थोडं दिवस त्यानं वॉकर ढकलला, मग काठी घेतली, मार्गशीर्षात काठी बी टाकली. येरवाळी सहाला आमच्या जैन बस्तीत दर्शनाला निघाला की माझ्या दारावरनंच जायचा. डावा पाय अजून फेंगडा पडायचा, त्याच्या ऑपरेशनची तारीख पुढं हुती. पर उजवा असा सरळ पडायचा की मला त्यो पायच दिसायचा, माणूस दिसायचाच न्हाय. मी कट्ट्यावर बसून त्या पायाकडं बघायचो. त्यो म्हणायचा, येतोस का अण्णा? मी म्हणायचो, माझं झालंय दर्शन. झालेलं नसायचं.

माझं दोन्ही गुडघं गेल्यात. डाव्याचं तर हाडाला हाड घासतंय, आता बदलला न्हाय तर पाय कायमचा वाकडा ऱ्हाईल, असं डॉक्टरनं फोटो दाखवून सांगितलंय. उठताना असा कटकट आवाज येतो की गोठ्यातली म्हस मान वळवून बघती. परसाकडं बसता येईना म्हणून सम्मेदनं, माझ्या पोरानं, प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून दिलंय. सम्मेद उचगावला कारखान्यात जातो, हातानं हुशार हाय. पर ती खुर्ची रोज धुवून उन्हाला ठेवाय लागती. सून दीपा ती अंगणात ठेवती आन रस्त्यानं जाणारं-येणारं सगळं गाव तिच्या भोकातनं माझ्याकडं बघतंय. नेमाच्या घरात तेवढ्यात कमोड बसला. पांढराशुभ्र. सकाळी पाणी सोडल्याचा आवाज भिंतीतनं येतो. त्यो आवाज आला की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

नेमाला हे सगळं मिळालं सत्तरीच्या कार्डावर. सत्तर वर्सं पुरी झालेल्या माणसाला, मग त्यो मजूर असू दे न्हायतर बागायतदार, दवाखान्यात फुकट उपचार. त्याचं शिबीर पावसाळ्याच्या तोंडाला ग्रामपंचायतीत झालं. आमच्या गावची आशाताई क्रांती, तिनं घरोघर सांगून सगळी म्हातारी गोळा केली. मोबाईल तोंडापुढं धरायची आन डोळं मिचकवाय लावायची. नेमानं मिचकवलं, पाच मिन्टात त्याचं कार्ड झालं. माझा आधार नंबर घातला आन पोरगी थांबली. म्हणाली, आजोबा, तुमचं वय अडुसष्ट दाखवतंय, तुमाला अजून दोन वर्सं थांबाय लागंल.

मी म्हणालो, "ह्यो माझा धाकटा भाऊ. त्याला सत्तर आन मला अडुसष्ट? आमच्या आईनं आधी धाकटा काढला व्हय?"

सगळं पंचायतीचं ऑफिस हसलं. नेमा बी हसला. बाकीच्यांचं हसणं मी इसरलो, त्याचं न्हाय इसरलो. सगळ्यांसाठी दुसरी एक योजना हाय म्हणं, तिचीबी सम्मेदनं दवाखान्यात चौकशी केली. त्यात माझा गुडघा त्या दवाखान्यात बसत न्हाय, असं तितल्या माणसानं सांगितलं. म्हंजे राहिलं काय, तर दोन वर्सं खुर्चीच्या भोकावर बसून वाट बघायची.

आता हे वय असं उलटं कसं झालं ते ऐका. आमच्या वेळंला जन्मतारीख कुणाला ठावं हुती? शाळेत मास्तर पोराला उभा करायचा आन उजवा हात डोक्यावरनं न्हेऊन डावा कान धराय सांगायचा. कान धरला की सहा वर्सं पुरी, तारीख एक जून. आमच्या वयाच्या सगळ्या गावाचा वाढदिवस एक जून हाय. मला खरं तर आदल्या सालीच शाळंत घालायचं, पर नेमा एकटा जायला रडंल, दोघं संगं जाऊ देत, म्हणून आमच्या वडलांनी मला वरीसभर घरात ठेवला. बघा, तितनंच सुरुवात. आन ज्या उन्हाळ्यात जायचं त्याच उन्हाळ्यात मी बैलगाडीवरनं पडलो, उजवा हात कोपरात मोडला. गावातल्या एकानं कामट्या लावून बांधला, त्यो आखडला तो आखडलाच. शाळेत दोघांना उभं केलं. नेमा साडेचार वर्साचा, पर उंच, हात लांबडं. त्यानं पहिल्या झटक्यात कान धरला. मास्तरनं लिवलं, वय वर्सं सहा. मी साडेसात वर्साचा, माझा हात कपाळाच्या वर गेला न्हाय. मास्तर म्हणला, ह्याला पुढच्या वर्षी आणा. पुढच्या वर्षी बी हात तसाच. तिसऱ्या साली नवा मास्तर आला, त्यानं हातबीत न बघता मला घेतला आन लिवलं, वय वर्सं सहा. तवा मी साडेनऊचा हुतो. नेमा तवर तिसरीत बसलता.

तोच शाळंचा दाखला, त्याच्यावरनंच आधार. म्हंजे कागदावर नेमा थोरला आन मी धाकटा. तोवर कागदाकडं कोण बघतंय म्हणून मी गप हुतो. गावात, भावकीत, लग्नाच्या पत्रिकेत थोरला मीच हुतो.

पर एवढंच न्हवतं. आयुष्यभर त्याचं सगळं माझ्या आधी. तालमीत त्याचं नाव झालं. त्याच्या वाटणीच्या रानात पाणी लागलं चाळीस फुटावर, माझ्या लागलं नव्वदवर, मधी बांध एक हाताचा. त्याला जावई कॉलेजात शिकवणारा मिळाला. मी कधी तोंडातनं काढलं न्हाय. माझी बायको अक्काताई मात्र वळखून हुती. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, गुडघा दुखतोय ते सगळ्यांना दिसतंय, पोटात काय दुखतंय ते मलाच ठावं हाय.

पौषात लई थंडी पडली. जोतिबाच्या डोंगरावर नऊ वाजलं तरी धुकं असायचं. थंडीत गुडघा लाकडागत व्हायचा. घरात एक म्हस दुभती, पर लई खोडील. ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाय. अक्काताईची बोटं सुजलेली, दीपाला ती लाथ मारती. माझं डोकं कुशीला टेकलं की मगच पान्हा सोडती. मी डब्यावर बसून, डावा पाय पुढं लांब करून, किटली एका मांडीला दाबून धार काढायचो. त्या दिवशी निम्मी किटली झालती. रेडकानं दावं ओढलं, म्हस सरकली, माझा डबा निसटला. मी उताणा शेणात. किटली उलटी झाली आन ऊन दूध पाठीखालनं गेलं. पाय म्हशीच्या पोटाखाली. तिनं खूर उचलला असता तर संपलंच हुतं, पर ते मुकं जनावर तसंच उभं राहिलं.

मी वरडलो न्हाय. पडून राहिलो. अक्काताई वैरण आणाय गेलती, दीपा दूध संस्थेत पेंड आणाय. भिंतीपलीकडनं नेमानंच डबा वाजलेला ऐकला असणार. त्यो आला. सरळ त्या नव्या पायावर, दरवाज्यात वाकून आत आला. वजन उचलू नको म्हणून त्याला डॉक्टरनं बजावलेलं. त्यानं म्हशीला चुचकारून मागं सारली, माझ्या काखंत हात घातलं, नवा पाय रोवला आन मला उभा केला. मी त्याच्या छातीला शेणासकट टेकलो. दोघांना बी दम लागलेला. एवढं झाल्यावर माणसानं काय म्हणावं?

मी म्हणालो, "सोड. खोट्या वयाचा पाय घेऊन मला उचलाय आलास व्हय?"

त्यानं खांद्यावरच्या टावेलानं माझ्या कानातलं शेण पुसलं, मला भिंतीला टेकवला आन गेला. म्हशीनं त्या दिवशी पुन्हा पान्हा सोडला न्हाय. संस्थेत पहिल्यांदाच आमचं दूध गेलं न्हाय.

सांच्याला मी क्रांतीला बोलवून घेतली. तिला सगळं इचारलं. ती म्हणाली, आजोबा, तुमाला कार्ड मिळायलाच पायजे, तो तुमचा हक्क हाय, पर मशीन वय बघतंय, तोंड बघत न्हाय. मग म्हणाली, जुन्या काळी कोतवाल जन्ममृत्यूची वही लिवायचा, त्या वह्या तालुक्याला ठेवल्यात, तिथं तुमचा जन्म घावला तर आधारवरचं वय बदलता येतंय. मला त्या रातीला कधी उजाडतंय असं झालं. खरं सांगतो, गुडघ्यासाठी न्हाय. कागदावर थोरला व्हायचं म्हणून.

सम्मेदनं कामावर रजा टाकली आन मोटरसायकलवर मागं बसवून न्हेला. डावा पाय दुमडत न्हाय म्हणून तो बाजूला ताठ काढून बसाय लागलं. समोरनं गाडी आली की सम्मेद कडंला थांबायचा. कचेरीत वह्यांची कपाटं वरच्या मजल्यावर. मी जिन्याखाली बाकड्यावर बसलो. कारकून भला माणूस, वही काखंत मारून सोता खाली आला. पानं अशी की शिंकलं तरी फाटतील. त्यानं आमचं गाव काढलं, साल काढलं, बोट फिरवत आला आन थांबला. त्रेपन्न साल, डिसेंबर. आमच्या वडलांचं नाव, त्यापुढं एकच शब्द: मुलगा. मग तीन वर्सं पुढची पानं उलटली. छप्पन साल, डिसेंबर. पुन्हा वडलांचं नाव, पुन्हा मुलगा. बाळाचं नाव कुठंच न्हाय. त्या वेळंला तसंच लिवायचं.

ते गिचमीड अक्षर मी कारकुनाच्या आधी वाचलं. सम्मेद म्हणला, आप्पा, तुमाला हे कसं लागतंय? मी त्याला सांगितलं न्हाय. मला घरात बसवलं त्या दोन वर्सांत नेमा रोज शाळा सुटली की गोठ्यात येऊन पाटीवर मला अक्षर गिरवून दाखवायचा. मास्तर जे शिकवंल ते त्याच दिवशी. मी शिकलो बी. पर पाटी त्याची हुती, त्याचाच मला राग यायचा.

कारकून म्हणला, नक्कल देतो, पर ह्यातला पहिला मुलगा तुमीच कशावरनं? तुमचा भाऊ हयात हाय न्हवं? त्यानं शपथेवर लिवून द्यावं, की हा माझा थोरला भाऊ, मी दुसरा, छप्पनचा. मग तुमच्या दाखल्यावर नाव चढंल. सम्मेद बाहेर आल्यावर लई वेळ गाडीला किल्ली लावंना. मग म्हणला, आप्पा, काकानं तसं लिवून दिलं तर त्यांचं वय एकोणसत्तर हुतंय. त्यांच्या दुसऱ्या पायाचं कसं?

मला ते आधीच कळलं हुतं. बाकड्यावर बसल्या बसल्याच कळलं हुतं. आन त्या येळी माझ्या जिवाला काय वाटलं म्हणता? गार वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी बस्तीत गेलो. दोन महिन्यांनी. सम्मेदनं दारापतूर सोडला. नेमा मागं मंडपात खुर्चीवर बसलेला. नव्या गुडघ्याला मांडी घालता येत न्हाय म्हणून पंचांनी त्याच्यासाठी खुर्ची ठेवलेली. त्याची खुर्ची अखंड, माझी भोकाची. मी ती नक्कल त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं चष्मा पुसला, दोन्ही ओळी वाचल्या, आन पुन्हा वाचल्या.

"म्हंजे तू खरंच थोरला," त्यो हसून म्हणला. मग हसणं गेलं. "मला काय कराय लागंल?"

मी सांगितलं. त्यो नक्कल घडी करत बसला. बाहेर कुणीतरी घंटा वाजवली. त्यो हळू आवाजात म्हणला, अण्णा, पुढच्या महिन्यात माझ्या डाव्या पायाची तारीख हाय. तेवढी होऊ दे. मग तू म्हणशील तिथं सही करतो. महिन्याभराचाच प्रश्न हाय.

चुकीचं काय बोलला त्यो? काय न्हाय. कुणीबी शहाणा माणूस म्हणला असता, बरं. मी साठ वर्सं थांबलो, माझा गुडघा बी महिनाभर थांबला असता. पर मला त्याच्या तोंडातला 'मग' ऐकू आला.

मी म्हणालो, "शाळंत तू आधी. पाणी तुझ्या रानात आधी. गुडघा तुझा आधी. आता दुसरा बी तुझाच आधी. माझं कवा रं? मी मेल्यावर?"

देवापुढं माझा आवाज चढला. पुजारी बघाय लागला. नेमा उठला, नक्कल माझ्या खिशात घातली, आन म्हणला, चल, घरापतूर सोडतो. मी म्हणालो, मला पाय हायत. न्हवतं. बस्तीच्या पायरीवर सम्मेद येईपतूर अर्धा तास बसून राहिलो.

त्यानंतर नेमा दारावरनं जायचा बंद झाला. पहिल्या दिवशी वाटलं, उशिरा उठला असंल. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कट्ट्यावर बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी बी न्हाय. मला बरं वाटायला पायजे हुतं. पर सहा वाजलं की माझी नजर रस्त्यावर जायची आन रस्ता रिकामाच.

त्याच आठवड्यात आमच्या उसाला तोड आली. टोळीवाले बायाबापड्या घेऊन फडात उतरलं. मी बांधावर बसून उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्याच्या मोळ्या बांधाय लागलो, तेवढंच काम बसून करता येतंय. नेमाच्या रानातली तोड आधीच झाली हुती, पर त्या दिवशी मला त्याचा राग आला न्हाय, का ते कळलं न्हाय. दुपारी दीपा भाकरी घेऊन आली. मी सहज इचारल्यागत इचारलं, काका बस्तीत जायचा बंद झालाय काय गं?

ती म्हणाली, न्हाय की. रोज जात्यात. मागल्या अंगानं, ओढ्याकडनं जात्यात. तुमाला त्यांचा पाय बघून त्रास हुतो म्हणं, म्हणून.

ओढ्याची वाट म्हंजे दुप्पट लांब. चढउतार, दगडगोटं. माझ्यासारख्याचं तर सोडाच, धडधाकट माणूस तिकडनं काठी घेऊन जातोय. आन त्यो, एक नवा पाय आन एक मोडका घेऊन, रोज सकाळी अंधुक उजेडात तितनं जातोय, माझ्या डोळ्यांना त्रास नको म्हणून.  भाकरी खाल्ली न्हाय. दीपाला वाटलं, कालवण तिखट झालंय.

मी सांच्यापर्यंत बांधावरच बसलो आन मनाशी ठरवलं. सगळं आयुष्य त्यानं माझ्या आधी घेतलं असंल, पर सोडून द्यायचं तरी मी आधी करीन. उद्या जाऊन सांगायचं, नेमा, तुझा पाय होऊ दे आधी, मी थांबतो. हे ठरलं आन लई दिवसांनी मला मोठं झाल्यासारखं वाटलं. थोरला. कागदाशिवाय.

सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, भिंत धरत धरत त्याच्या दारात गेलो. त्याची बायको तांदूळ निवडत बसलेली. म्हणाली, ते घरात न्हाईत भावजी. क्रांतीला संगं घेऊन पहिल्या एसटीनं तालुक्याला गेल्यात.

मी तिथंच त्यांच्या कट्ट्यावर बसलो. तिनं चहा दिला, तो गार झाला. बाराच्या एसटीला त्यो आला. उतरून डाव्या पायावर भार पडू न देता, खांद्याला पिशवी लावून, हळूहळू. मला बघून थांबला. पिशवीतनं कागद काढला, त्याच्यावर कोर्टाची तिकिटं, शिक्का, आन खाली त्याची सही. शाळेत घोटवून घेतलेली ती जोडाक्षरं तशीच सुबक.

"घे अण्णा," त्यो म्हणला. "आता तुझं वय बहात्तर. माझं एकोणसत्तर."

मी म्हणालो, तुझ्या पायाचं काय? त्यो म्हणला, दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली. शपथेवर एकोणसत्तर सांगायचं आन कार्डावर सत्तर दाखवून पाय घ्यायचा, असं मला जमायचं न्हाय. वरीसभरानं खरी सत्तरी भरती, तवा बघू. पहिल्या पायाचं कुणी इचारलं तर सांगीन, मास्तरनं कान बघून लिवलं, मी काय करू?

मी त्याच्यावर वरडलो. लई वरडलो. आसपासची लोकं दारात आली. मी त्याला सांगाय आलतो, की तुझा आधी. सोडून द्यायचं मी ठरवलतं. रातभर ते उराशी धरून झोपलतो. आन हा पहिल्या एसटीनं जाऊन तेवढं बी माझ्या आधी करून आला. त्याला कसं सांगायचं हे? त्याला वाटलं, मी अजून जुन्याच रागानं बोलतोय. मान खाली घालून ऐकून घेतलं. माझं बोलणं संपल्यावर म्हणला, बरं, जेवून जा.

कागद परत घे म्हणालो. त्यानं घेतला न्हाय. सांच्याला कामावरनं आल्यावर सम्मेद म्हणला, परत घेऊन बी उपयोग न्हाय आप्पा, कचेरीत एक प्रत जमा झाली. आन पुढं काय केलं ते पण सांगतो, लपवून काय करू? मी तो कागद वापरला. दाखल्यावर नाव चढलं, आधारवर वय बदललं, क्रांतीनं मोबाईल तोंडापुढं धरला, मी डोळं मिचकवलं. हातात कार्ड आलं. फेब्रुवारीत डावा गुडघा झाला. दवाखान्यात सोबत नेमा राहिला. नर्सबाई त्याच्या चालण्याकडं बघून त्यालाच म्हणायची, आजोबा, तुमचा नंबर कधी? त्यो म्हणायचा, माझं वय बसत न्हाय अजून. बाई हसायची. मी भिंतीकडं तोंड करून पडायचो.

महावीर जयंतीला मी काठी घेऊन पहिल्यांदा पायी बस्तीला निघालो. सकाळची वेळ, रस्त्यावर रांगोळ्या, पोरं पिवळी निशाणं घेऊन पळत हुती. अक्काताईनं नवा पंचा काढून दिलता. नेमा दारात उभाच हुता. म्हणला, जाऊ या? मी म्हणालो, चल. ओढ्याची वाट सोडून, दोघं सरळ रस्त्यानं निघालो.

पाय असा पडत हुता म्हणता, की काय सांगू. वाटायचं लोकांनी बघावं. लोकं बघत बी हुती. वीस पावलं गेलो आन कळलं की मी पुढं हाय. नेमा मागं. त्याच्या चपलांचा आवाज येत हुता, एक टाकल्याचा आन एक फरफटल्याचा. जन्मात पहिल्यांदा मी त्याच्या पुढं चाललो हुतो आन मागं वळून बघायचा मला धीर हुईना. मी चाल कमी केली. मागची फरफट बी कमी झाली. अजून कमी केली. त्यो बी.

मी थांबलो. त्यो बी थांबला.

"ये की पुढं," मी न वळता म्हणालो.

"तू हो पुढं अण्णा," मागनं त्यो म्हणला. "थोरला हायस न्हवं."

साठ-पासष्ट वर्सं मी हे त्याच्या तोंडून ऐकायला जीव टाकत आलतो. आता ऐकलं. सगळ्या रस्त्यानं ऐकलं. मी काठी धरून त्या नव्या गुडघ्यावर उभा राहिलो आन काय केल्या पाय उचलेना.